बाजाराचा दिवस आणि पुढचे सहा

पौष्टिक खाण्याचा सल्ला बहुतेक वेळा दिवसाच्या हिशोबात दिला जातो. सकाळी उठल्यावर हे, दुपारी ते, झोपण्यापूर्वी आणखी काहीतरी. घरचा स्वयंपाक मात्र आठवड्यावर चालतो. भाजी आठवड्याच्या बाजारातून येते, दळण आठवड्याला गिरणीत जातं, कडधान्याला मोड यायला दीड-दोन दिवस लागतात आणि भाकरीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. म्हणून अख्खी धान्यं, कडधान्यं, पालेभाज्या, तेलबिया असं कमीत कमी प्रक्रिया झालेलं अन्न ताटात वाढवायचं असेल, तर एकेका जेवणाची आखणी फार दिवस टिकत नाही. आठवडा समोर घेऊन बसावं लागतं. उदाहरण मी महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघराचं घेणार आहे. त्यासाठी लागणारं जवळपास सगळं इथल्या बाजारात अजूनही मिळतं, आणि ते वापरायच्या रीती ठाऊक असलेली माणसंही अजून घरोघरी आहेत.

आधी धान्याच्या दाण्यापासून सुरुवात करू. दाण्याच्या बाहेर कोंड्याचे थर असतात, एका टोकाला अंकुर असतो आणि बाकी सगळा पिठूळ गाभा. रोप उगवेपर्यंत लागणारी शिदोरी म्हणजे हा गाभा; त्यात मुख्यतः पिष्ट असतं. ब गटातली जीवनसत्त्वं, खनिजं, तंतू आणि थोडंफार तेल यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो. तांदूळ पॉलिश केला किंवा गव्हाचा मैदा केला की हेच भाग निघून जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नघटकांची नवी कोष्टकं प्रसिद्ध केली. त्यांत 100 ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा नाचणीत तंतू 10 ते 11 ग्रॅम दिसतात. पॉलिशच्या तांदळात आणि मैद्यात ते 3 ग्रॅमच्याही आत आहेत. गव्हाच्या चाळून न टाकलेल्या कणकेतही 11 ग्रॅमच्या आसपास तंतू आहेत, हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली पोळीला उगीचच बदनाम केलं जातं. कोंड्यासकट दळलेल्या कणकेची पोळी चांगलंच अन्न आहे. अडचण आहे ती मैद्याची, आणि तिन्ही वेळा एकच धान्य खाण्याची.

कोंडा काढून टाकण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे वैद्यकाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळलं. डच वसाहतीतल्या बटाव्हिया शहरात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमन हा डॉक्टर बेरीबेरीचं कारण शोधत होता. या रोगात पायांतली शक्ती जाते, हृदय दुबळं होतं आणि माणूस दगावतो. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांनाही तसाच पायांचा विकार जडला आणि काही काळाने त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला आणि लष्कराचा भात कोंबड्यांना देणं त्याला पटेना, म्हणून त्यांना पुन्हा पॉलिश न केलेला तांदूळ मिळू लागला. आइकमनला आधी वाटलं, की पांढऱ्या भातात एखादं विष असावं आणि कोंड्यात त्याचा उतारा. त्याचा सहकारी गेरिट ग्राइन्स याने 1901 साली नेमकं सांगितलं, की भातात विष नाही, कोंड्याबरोबर शरीराला लागणारी एखादी वस्तूच निघून गेली आहे. ती वस्तू म्हणजे ब1 जीवनसत्त्व. आइकमनला 1929 साली नोबेल मिळालं.

कोकणात आणि गोव्यात भाताची साळ आधी उकडून, वाळवून मग भरडतात. उकडताना कोंड्यातलं ब1 बऱ्याच अंशी दाण्याच्या आत मुरतं, त्यामुळे नंतर सडलं तरी पॉलिशच्या तांदळापेक्षा ते जास्त उरतं. उकड्या तांदळाची पेज हा न्याहारीचा उत्तम प्रकार आहे, आणि ती मागे पडू नये असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात हा विषय थेट राजकारणातही आला होता. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं आणि कारभार जे. सी. कुमारप्पा बघत होते. त्या वर्षा-दोन वर्षांत गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, गूळ आणि हिरवा पाला यांवर पुन्हा पुन्हा लिहिलं. मगनवाडीच्या स्वयंपाकघरात कच्च्या पाल्याचे, सोयाबीनचे प्रयोग चालत. भाताची गिरणी तांदळातलं सत्त्व काढून घेते आणि गावातल्या बायकांची मजुरीही काढून घेते, असा त्यांचा दुहेरी मुद्दा होता. जातं आणि उखळ परत आणायला मी सांगणार नाही. त्यांमागचे कष्ट ज्यांनी उपसले त्यांची पाठ काय बोलत होती ते घरोघरच्या आज्या सांगतील. पण धान्य कुणाच्या सोयीसाठी पांढरं केलं जातं, हा गांधीजींचा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे. तांदूळ आणि मैदा टिकतात जास्त, म्हणून व्यापाराला सोयीचे. अंकुरातलं तेल खवट होतं, आणि ते तेल गेलं की गोदामात माल वर्षभर पडून राहिला तरी चालतो.

ताटातून भाकरी सरकण्यामागे रेशनचाही मोठा हात आहे. 1972च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्लेली पिढी अजून आहे. त्या मिलोची चव आणि आपल्या शाळूची चव यांची तुलनाच नको, असं त्या पिढीतलं कुणीही सांगेल. पुढे रेशनच्या दुकानातून मुख्यतः गहू आणि तांदूळच येत राहिले. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो असा दर लिहिलेला होता, पण पिशवीत पडायचे ते गहू-तांदूळच. जे धान्य स्वस्त आणि हाताशी असतं तेच चुलीवर चढतं. यात कुणा गृहिणीची आवड किंवा आळस शोधण्यात अर्थ नाही.

भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. त्याच्या कितीतरी आधीपासून मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी पिकते आहे, आणि 2016 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मोठ्या शहरांतल्या चकचकीत दुकानांत बाहेरून आलेला किन्वा ज्या भावाने विकला जातो, त्याच्या पाव-अर्ध्या भावात उत्तम शाळू मिळतो. नव्या आणि महागड्या दाण्यांच्या मागे लागण्याआधी घराजवळच्या भुसार दुकानात एक फेरी मारावी.

आता आठवड्याकडे येऊ. समजा, बाजार रविवारी आहे. पिशवीत काय घ्यायचं यापेक्षाही कोणत्या क्रमाने संपवायचं, हे आधी ठरवावं. पालेभाजी नाशवंत, म्हणून रविवार-सोमवार तिचे. गवार, घेवडा, वांगी, दोडका मंगळवार-बुधवारी. भोपळा, गाजर, कोबी थांबतात, ते गुरुवारकडे ढकलावेत. शुक्रवार-शनिवारी टोपली रिकामी होते, तेव्हा डब्यातलं अन्न पुढे यावं: मोड आलेली मटकी, अख्खा मसूर, हुलग्याचं पिठलं, जवसाची चटणी. ही उतरंड एकदा बसली की ‘आज भाजीला काय’ हा रोजचा छळ बराच कमी होतो. भाजी टोपलीत सडत नाही, आणि टोपली रिकामी म्हणून शेवटच्या दोन दिवशी बटाटा किंवा बाहेरचं खाणं, असंही होत नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या आहारसूचनांत एका दिवसाचं ताट आखून दिलं आहे. दोन हजार उष्मांकांच्या आहारात 400 ग्रॅम भाज्या, त्यांतल्या शंभरेक ग्रॅम पालेभाज्या, 100 ग्रॅम फळं, 250 ग्रॅम धान्य आणि 85 ग्रॅम डाळी-कडधान्य (किंवा अंडी-मांस-मासळी). याला सात दिवसांनी आणि घरातल्या माणसांनी गुणलं की चौघांच्या घराला आठवड्याला अकरा किलो भाजी लागते, असं निघतं. आपण घरी किती आणतो ते एकदा मोजून पाहावं. बहुतेक घरांत धान्य भरपूर निघतं आणि भाजी अपुरी. एकदम अकरा किलोवर उडी मारायला कुणी सांगत नाही. आहे त्यात दोन जुड्या आणि एक भोपळा वाढवला तरी आठवड्याचं चित्र बदलायला लागतं.

पालेभाजी म्हटलं की शहरात पालक आणि मेथी या दोनच नावांवर गाडी थांबते. बाजारात नीट पाहिलं तर शेपू, चुका, अंबाडी, चाकवत, तांदुळजा, करडई, राजगिरा, घोळ, हरभऱ्याचा कोवळा पाला असं ऋतूप्रमाणे कायकाय असतं. अंबाडी आंबट, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात तिच्यात ज्वारीच्या कण्या घालतात आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी देतात. भाजी आणि धान्य एकाच पातेल्यात. पावसाच्या तोंडावर ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात आणि शेजारी हिरव्या काकडांचा छोटा ढीग असतो. शेवळात घशाला खाजवणारे ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. आंबट-तुरट काकडं घातल्याशिवाय ती शिजवायची नाहीत, हे विकणारी बाई न विचारता सांगते. अळवाला चिंच किंवा आमसूल लावतात ते याच कारणाने. अशा रानभाज्यांचं आणि गावरान वालांचं बियाणं जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. बियाणंच नाहीसं झालं तर आपण ताटाची कितीही चर्चा करून काय होणार?

ऑक्झलेटचा विषय निघालाच आहे तर कॅल्शियमबद्दल बोलायला हवं. नाचणीत 100 ग्रॅमला सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, गाईच्या दुधात 120च्या आसपास. या दोन आकड्यांवरून नाचणी दुधाच्या तिप्पट चांगली, असं सर्रास लिहिलं जातं, आणि ते मला खटकतं. एका भाकरीला पन्नासेक ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे कॅल्शियम झालं 180 मिलिग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज 1000 मिलिग्रॅमची. शिवाय नाचणीतल्या फायटेटमुळे आणि ऑक्झलेटमुळे त्यातलं सगळं अंगी लागत नाही; पालकाचं तर फारच थोडं लागतं. मेथी आणि शेवग्याचा पाला या बाबतीत उजवे. सालासकट तिळात 100 ग्रॅमला हजार मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, पण तीळ आपण चमच्याने खातो. कोकणात मांदेली काट्यासकट आणि जवळा अख्खाच खातात, तोही कॅल्शियमचा चांगला मार्ग. तात्पर्य एवढंच, की नाचणी, तीळ, दही-ताक, शेवगा हे सगळे आठवड्यात आलटून पालटून यावेत. एकट्या नाचणीवर सगळा भार टाकू नये.

लोहाचंही असंच. 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्क्यांहून अधिक रक्तक्षयी आढळल्या. निम्म्याहून जास्त. बाजरीत, हुलग्यात, मेथीत लोह आहे, पण वनस्पतीतलं लोह शरीर सहजी घेत नाही. त्याला क जीवनसत्त्वाची सोबत लागते. उसळीवर लिंबू पिळणं, भाकरीबरोबर हिरवी मिरची-कोथिंबिरीचा ठेचा किंवा आवळ्याचं ताजं लोणचं, जेवणानंतर पेरूची फोड, यांनी खरा फरक पडतो. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा लोह अडवतो. मध्ये तासभर जाऊ द्यावा. ज्या बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन फार खाली गेलं आहे, तिने मात्र भाजी-भाकरीच्या भरवशावर राहू नये. तिला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायलाच हव्यात.

कडधान्याला मोड आणण्यामागचं कारणही हेच, त्यातलं लोह अंगी लागावं. मटकी निवडून, धुऊन रात्री भिजत घालावी. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात सैलसर बांधावी, घट्ट नको, दाण्यांना हवा लागली पाहिजे. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतच पांढरी टोकं दिसू लागतात. थंडीत दीड दिवस लागतो आणि पुरचुंडी ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवावी लागते. या काळात दाणा जागा होतो आणि स्वतःचं फायटेट मोडायला लागतो, म्हणजे त्याने अडवून धरलेलं लोह आणि जस्त मोकळं होतं. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्वही तयार होतं. फडकं चिकट झालं, आंबूस वास आला तर ती मटकी टाकून द्यावी. वृद्ध, गरोदर बायका आणि लहान मुलं यांना मोड शिजवूनच द्यावेत. तीस ग्रॅम कोरडं कडधान्य, म्हणजे वाटीभर उसळ, सहा-सात ग्रॅम प्रथिनं देते.

हे कडधान्य धान्याच्या जोडीला का हवं, याचं उत्तर खानदेशच्या कळण्याच्या भाकरीत आहे. तिथे ज्वारीत उडीद घालूनच दळतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक तोकडा, कडधान्यात तो भरपूर. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाल, शेंगदाणे घातलेली मिसळभाजी करतात, तिच्यातही तोच मेळ आहे. भोगी वर्षातून एकदा येते. ती भाजी थंडीत दर आठवड्याला करायला कुणाची हरकत नाही.

भाकरी येत नाही म्हणून अनेक घरांत ज्वारी आत येत नाही, तेव्हा तिच्याबद्दल थोडं सविस्तर. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे गव्हासारखी लवचीक कणीक तिची होत नाही. पिठाला धरून ठेवण्याचं काम पिष्टाकडून करून घ्यावं लागतं, म्हणून कढत पाणी. परातीत पिठाच्या मध्ये खळगा करून पाणी ओतावं, चमच्याने हलवून हाताला सोसेल एवढं निवू द्यावं आणि मग तळहाताने रेटून रेटून मळावं. एकेका भाकरीपुरताच गोळा, तोही मळल्या मळल्या थापायचा. कडेला चिरा पडू लागल्या तर पाणी कमी पडलं आहे, नाहीतर पीठ जुनं आहे. तव्यावर टाकल्यावर पिठाची बाजू वर ठेवून तिच्यावर ओला हात फिरवतात. त्या पाण्याने वरच्या पिष्टाचा पापुद्रा धरतो आणि वाफ आत कोंडून भाकरी फुगते. पाणी पुरतं सुकायच्या आत ती उलटायची. बाजरीचं पीठ आणखी नाजूक: तिच्यातल्या तेलामुळे ते लवकर कडवट होतं, म्हणून किलोभरच दळून आणावं.

मधुमेह असलेल्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भाकरीनेही रक्तातली साखर वाढते. तंतूंमुळे ती सावकाश वाढते खरी, पण तीन भाकरी त्या तीनच. मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, तर पालेभाजी-कडधान्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. बाकीच्यांनीही तंतू हळूहळू वाढवावेत आणि पाणी जास्त प्यावं, नाहीतर पहिल्याच आठवड्यात पोट गुबारतं आणि सगळा बेत सोडून दिला जातो.

पाकिटावर ‘मल्टिग्रेन’ किंवा ‘नाचणीयुक्त’ छापलेलं असेल तर पाकीट उलटं करावं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं आणि पाचव्या-सहाव्या जागी नाचणी असेल, तर ते मैद्याचं बिस्किट आहे.

या सगळ्यात खरी अडचण माहितीची नाहीच. मेथी निवडायला अर्धा तास जातो. मटकी आदल्या रात्री आठवणीने भिजवावी लागते. भाकरी एकेक करून, गरम तव्यापाशी उभं राहून थापावी लागते. हे सगळं आपल्याकडे बहुतेक घरांत एकाच बाईच्या वाट्याला येतं, आणि पुष्कळदा ती दिवसभर नोकरीही करून आलेली असते. पौष्टिक खाण्याचा आग्रह घरातल्या एकाने धरायचा आणि काम दुसऱ्याने उपसायचं, असं असेल तर तो बेत टिकत नाही, आणि टिकूही नये. कामं वाटून घेता येण्यासारखी आहेत. दळण आणणं, पाला निवडणं, कडधान्यातले खडे काढणं, भिजत घालणं, खोबरं-जवस भाजून कुटणं यांतलं एकही काम कसबाचं नाही. बारा वर्षांच्या मुलालाही ते येतं. रविवारी दुपारी सगळ्यांनी तासभर बसून पालेभाजी निवडली, जवस भाजून चटणी कुटून ठेवली, तर बुधवारपर्यंत स्वयंपाकाला निम्माच वेळ लागतो. जवस कुटलेलंच हवं, अख्खा दाणा पोटातून तसाच निघून जातो.

ज्याने आजवर ओट्यापाशी पाय ठेवला नाही, त्याने थालीपिठापासून सुरुवात करावी. भाजणीत ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे हे सगळं भाजून दळलेलं असतं. एकदा करून ठेवली की महिना निघतो. तिच्यात चिरलेला कांदा, कोथिंबीर, उरलेली मेथी किंवा किसलेला भोपळा, तिखट-मीठ घालून पाण्याने सैल भिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, मधोमध बोटाने भोकं पाडायची, तव्यावर टाकून त्या भोकांत तेल सोडायचं आणि झाकण ठेवायचं. फाटलं तरी तव्यावर बोटाने सांधता येतं. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी असली की टोपली रिकामी झालेल्या शुक्रवारीही चौघांचं जेवण नीट होतं.